जळगावातला लांबीपुरता समुद्र

आमच्या स्टाफरूमच्या कपाटाची वरची फळी कधी कुणी पुसली नाही. जुन्या उत्तरपत्रिका, तुटका डस्टर, कुणाचं तरी छत्रीचं कव्हर, सगळं तिथे जाऊन पडायचं. किस्स्यांचंही तसंच असतं. घडताना तो किस्सा नसतो, घडताना नुसता ताप असतो. पाच-सहा वर्षांनी चहाच्या वेळी कुणीतरी हात वर घालतं आणि धुळीसकट खाली काढतं. मग आपण हसतो आणि म्हणतो, काय दिवस होते!

मी जळगावच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो. काळ ऐंशी-नव्वदचा. आमच्या विभागात तीनच माणसं. विभागप्रमुख वाणी सर, भास्कर चौधरी आणि मी. शिपाई रघुनाथभाऊ धरले तर चार, आणि ते धरावेच लागत, कारण विभाग तेच चालवायचे.

या चौधरींनी पीएच.डी.साठी विषय घेतला होता, समुद्रात प्लँक्टन कसे पसरतात याचं गणिती मॉडेल. प्लँक्टन म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे अगदी बारीक जीव. ते समुद्रात सगळीकडे सारखे नसतात, कुठे दाट पट्टा तर कुठे काहीच नाही. चौधरींचं समीकरण सांगायचं की पट्टा एका ठरावीक लांबीहून मोठा असेल तर टिकतो, त्याहून आखूड असेल तर नाहीसा होतो. ती लांबी किती, हा प्रबंधाचा विषय.

जळगावहून समुद्र गाठायचा तर चाळीसगाव, मनमाड करत अख्खा दिवस गाडीत बसावं लागतं. चौधरी रावेरकडच्या केळीवाल्या घरातले. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता! आम्ही त्यांचं नाव 'दर्यासारंग' ठेवलं.

हसायचो आम्ही, पण खरं सांगतो, मला हेवाही वाटायचा. मी स्वतः एकदा नाव नोंदवून दोन वर्षांत गाशा गुंडाळला होता. हा माणूस मात्र मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत चिकटून होता.

*

पहिला गोंधळ परवानगीचाच. अर्ज प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी विचारलं, "प्लँक्टन वनस्पती की प्राणी?"

चौधरी म्हणाले, "काही वनस्पती, काही प्राणी."

झालं! बॉटनीचे सोनवणे सर म्हणाले, विषय आमचा. झूलॉजीच्या पाटीलबाई म्हणाल्या, आमचा. दोन्ही विभागांची पत्रं प्राचार्यांच्या टेबलावर. पंधरा दिवस जिन्यात समोरासमोर आले तर दोघं भिंतीकडे बघत जायचे.

शेवटी प्राचार्यांनी तोडगा काढला. "ज्या विभागाचा विषय, त्या विभागाने चौधरींना मायक्रोस्कोप आणि एक टेबल द्यावं."

दुसऱ्या दिवशी दोन्ही विभागांची पत्रं आली की हा विषय शुद्ध गणिताचा आहे.

*

मग कॉलेजात कॉम्प्युटर आला. एकच. त्याच्या खोलीला एसी, पडदे, आणि दाराबाहेर चपला काढायच्या. रघुनाथभाऊ रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळायचे. धुराने बिघडेल म्हणून सांगितलं तर म्हणाले, "न ओवाळता बिघडला तर माझ्यावर येईल."

चौधरींनी फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहिला. समुद्रातल्या चाळीस दिवसांत प्लँक्टनचा पट्टा जगतो की मरतो ते बघायचं होतं. प्रोग्रॅम कॉलेज भरताना सुरू केला की कॉलेज सुटताना संपायचा. मधे मधे आकडे फ्लॉपीवर साठवायचे असतात हे चौधरींना सुचलं नव्हतं. आणि आमच्या भागातली लाइट! ती गेली की सगळा समुद्र जागच्या जागी खलास. पुन्हा पहिला दिवस.

सगळ्या कॉलेजला नाद लागला. जाता-येता लोक विचारायचे, "चौधरी, आज कितवा दिवस?" "एकविसावा." "वा, वा!" घरी बाळंतीण असल्यासारखी चौकशी.

वाणी सरांचे मेहुणे दीपनगरला, वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायचे. चौधरींनी एकदा थेट त्यांना फोन लावला. मी शेजारीच उभा होतो.

"साहेब, आज दुपारभर तेवढी लाइट सांभाळा. फार नाजूक अवस्था आहे."

"अहो, ते माझ्या हातात नसतं. हॉस्पिटल आहे का तुमचं?"

"नाही, समुद्र आहे."

तिकडून मग आवाज आला, "जळगावात?"

त्या दुपारी साडेतीनला पंखे थांबले. रघुनाथभाऊ स्टाफरूमच्या दारात आले, डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, गेले. अडतिसावा होता."

सोनवणे सर उठून उभे राहिले. त्यांचं पाहून आम्ही सगळेच उठलो आणि दोन मिनिटं शांत उभे राहिलो. चौधरीही उभे होते!

*

एकदा प्रोग्रॅम पूर्ण चालला आणि उत्तर आलं, एका ठिकाणी प्लँक्टन उणे तीन.

वाणी सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "चौधरी, उणे तीन जीव म्हणजे नक्की काय?"

चौधरी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. घरीही तेच. ताटावर बसून कागदावर आकडे. तिसऱ्या दिवशी आम्ही डबे उघडले, तर त्यांच्या डब्यात भाजी होती, भाकरी नव्हती. एक चिठ्ठी होती. सुशीलावहिनींनी लिहिलं होतं, 'आज उणे दोन भाकरी दिल्या आहेत. उरल्या तर परत आणा.'

त्या दिवशी चौधरींना चूक सापडली. प्रोग्रॅममध्ये काळाची पावलं फार मोठी घेतली होती, म्हणून आकडा शून्याच्या खाली घसरला होता. भाकरी माझ्या डब्यातली खाल्ली.

*

धुळ्याच्या एका कॉलेजने व्याख्यानाला बोलावलं. मीही सोबत गेलो. हॉल भरलेला होता, कारण व्याख्यानानंतर बटाटेवडे होते. चौधरी तास-सव्वा तास बोलले. फळ्यावर कडेपासून कडेपर्यंत समीकरण.

प्रश्नोत्तरांत एक निवृत्त मास्तर उठले. पांढरं धोतर, काळी टोपी. आजूबाजूच्या कुठल्याशा गावचे असावेत. अहिराणीतच बोलले.

"सर, समुद्रनं बठ्ठं समजनं. पन आठे आमनी पांझरा नदीमां पानीच नही शे. तठे तुमना हाऊ हिशेब लागू व्हस का?"

चौधरींचा चेहरा खुलला. खरा प्रश्न आला याचाच आनंद. ते म्हणाले, "लागू होतो ना आबा! पाणी शून्य धरलं की प्लँक्टनही शून्य येतात. समीकरण बरोबर बसतं."

मास्तरांनी खाली बसता बसता शेजाऱ्याला सांगितलं, पण सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "हाई ते आमले समीकरणना बिगर बी माहीत व्हतं!"

*

चौधरींच्या वडिलांना आम्हीही आबाच म्हणायचो. सत्तरीचे, काटक, शब्दाला कंजूष. एकुलता एक मुलगा बाग सोडून फळ्यापुढे उभा राहिला याचा त्यांना मनातून राग होता. कॉलेजात ते एकदाही आले नव्हते. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "किडे मोजतो. अन् तेबी न पाहता."

चौधरींना हे लागायचं. मला एकदा म्हणाले, "पदवी मिळेल न मिळेल. आबांनी एकदा तरी विचारावं, काय शोधलं रे तू."

एका रविवारी मी त्यांच्या गावी गेलो होतो. चौधरींनी ओसरीवर प्रिंटआउट पसरला होता. तेव्हाचा तो खडखड करणारा प्रिंटर, त्याला चित्र काढता यायचं नाही. म्हणून जिथे प्लँक्टन दाट तिथे फुल्या, जिथे विरळ तिथे टिंबं. कागद जोडून जोडून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता.

आबा बागेतून आले. कागदाच्या कडेला उभे राहिले. वाकून बघितलं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले.

"कोणाचा बाग हाये हा?"

"बाग नाही आबा, हे प्लँक्टन आहेत. समुद्रातले."

"असतील." आबांनी पायाच्या अंगठ्याने कागदाच्या टोकाची टिंबं दाखवली. "पण लावणारा नवखा दिसतो."

आणि हातपाय धुवायला निघून गेले. चौधरींनी कागदाची घडी घालायला सुरुवात केली, ती इतकी जोरात की एक पान फाटलं.

*

पुण्याचे गाइड कडक होते. त्यांनी पत्र पाठवलं, 'प्रबंध सादर करण्यापूर्वी एकदा समुद्र पाहून या. परीक्षकाने विचारलं तर मला लाज वाटेल.'

जानेवारीत मी आणि चौधरी निघालो. प्लँक्टन पकडायला फार बारीक विणीचं कापड लागतं. पाटीलबाईंनी एवढी माहिती फुकट दिली, कापड दिलं नाही. चौधरींनी वहिनींची जॉर्जेटची साडी उचलली. कुठली, हे वहिनींना आम्ही परत आल्यावर कळलं.

किनाऱ्यावर पोचलो. चौधरी उभे राहिले. मला वाटलं, भारावले असतील. जवळ जाऊन बघतो तर चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"याला रुंदी आहे हो."

"मग? समुद्राला रुंदी असतेच."

"माझ्यात नाही. माझ्या मॉडेलमध्ये फक्त लांबी आहे. एक रेघ." त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि वाळूत बसले. "आणि खोली तर अजून धरलीच नाही."

मी त्यांना उठवलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आम्ही दोघं साडीची दोन टोकं धरून पाण्यात ओढत होतो. एक कोळीणबाई टोपली खाली ठेवून बघत राहिली.

"गुरुजी, साडी धुताय का?"

"नाही. प्लँक्टन पकडतोय."

ती बाई मग समजुतीने म्हणाली, "बायको रागावली असंल तर दुकानातून नवी घ्यावी. खाऱ्या पाण्यात ही वाया जाईल."

*

साडीत काय आलं होतं ते पाण्यासकट एका दुधाच्या बरणीत घेऊन आम्ही परतलो. गाडीत चौधरी बरणी मांडीवर घेऊन बसले होते. भुसावळला जाणाऱ्या एका आजीबाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं, अस्थी आहेत.

पाटीलबाईंनी या वेळी मायक्रोस्कोप दिला. काच लावून दिली, भिंग जुळवून दिलं. चौधरींनी डोळा लावला.

मग ते हललेच नाहीत. आम्ही वाट बघतोय. घंटा झाली, मुलं वर्गात गेली, बाईंचं प्रॅक्टिकल खोळंबलं. शेवटी बाई म्हणाल्या, "सर, दिसतंय का काही?"

चौधरींनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. एकटक बघितल्यामुळे असेल, मी तेव्हा असंच म्हटलं.

"हलतंय हो बाई! पाय आहेत त्याला. इतकी वर्षं मी समीकरणात याला नुसतं 'एन' म्हणत होतो."

पाटीलबाई कधी हसत नसत. त्या दिवशी त्यांनी प्रॅक्टिकलची मुलं परत पाठवली आणि चौधरींना दुसरी काच लावून दिली.

*

आता व्हायव्हा.

शेवटची मुदतवाढ संपत आली होती. या वेळी परीक्षक 'नाही' म्हणाले तर नोंदणीच रद्द, इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे कुणीही विनोद करत नव्हतं, सोनवणे सरसुद्धा.

परीक्षा आमच्याच कॉलेजात होती आणि खुली होती, म्हणजे कुणीही येऊन बसावं. वाणी सरांनी चौधरींना न सांगता गावी निरोप धाडला होता. अकराच्या सुमारास आबा आले. धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर केळीची फणी बांधलेलं उपरणं. शेवटच्या बाकावर बसले. चौधरींनी त्यांना पाहिलं आणि हातातला खडू खाली पडला.

परीक्षक किनाऱ्यावरच्या एका संस्थेतले शास्त्रज्ञ. सगळी हयात समुद्रात बोटीवर गेलेली. मराठी स्वच्छ, आवाज हळू. प्रबंध त्यांनी पानन् पान वाचला होता, कागदाच्या खुणा दिसत होत्या. चौधरींनी तास-दीड तास चांगला किल्ला लढवला. फळा तीनदा भरला, तीनदा पुसला. रघुनाथभाऊ दर वेळी पुढे होऊन पुसायचे.

मग परीक्षकांनी प्रबंध मिटला.

"तुमचं म्हणणं, पट्टा ठरावीक लांबीपेक्षा आखूड असेल तर मरतो."

"हो सर." चौधरी फळ्याकडे वळले.

"फळा राहू द्या. समीकरण मला येतं. साध्या शब्दांत सांगा, का मरतो?"

चौधरी म्हणाले, "सर, ते साइन फंक्शन..."

"साइन नको. पाण्यात काय होतं ते सांगा."

इतकी वर्षं त्या माणसाने ती लांबी काढली, तपासली, पुन्हा काढली, झोपेतही सांगितली असती. पण 'का' म्हटल्यावर सगळं अडकलं. वाणी सर खाली बघत होते. मी मनात म्हणत होतो, बोला हो, काहीही बोला! परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

"साहेब, मी बोलू का?"

सगळ्या माना मागे वळल्या. आबा उभे होते.

"आपण कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"मी याचा बाप. मले इंग्रजी येत नाही, गणित येत नाही. केळी येते."

वाणी सर अर्धे उठले. परीक्षकांनी हाताने त्यांना बसवलं. "बोला आबा."

"केळीचा बाग मधून वाढतो अन् कडेनं मरतो. उन्हाळ्यात झळ लागते ते कडेच्या दोन-तीन ओळीले. पानं फाटतात, झाडं बसतात. बाग मोठा असला तं काय फरक पडत नाही, जेवढं कडेचं जाते तेवढं मधलं भरून काढते. पण तुम्ही इतकुसाच तुकडा लावला," आबांनी दोन हात जवळ आणून दाखवलं, "तं त्याले मधलं राह्यलं कुठी? सगळी कडच! मंग तो मरंल नाही तं काय करंल?"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची थोडी फिरवून ते आबांकडे तोंड करून बसले.

"आणि आबा, कडेला आडोसा केला तर?"

"करतोच ना! भोवती शेवरी लावतो आम्ही. उंच, दाट. झळ निम्मी तिथीच अडते. मंग थोडका तुकडाही जगतो."

परीक्षक सावकाश चौधरींकडे वळले. "हे तुमच्या प्रबंधात आहे?"

चौधरी वडिलांकडे बघत होते. आवाज परत आला, पण वेगळाच. "आहे सर. कडेला गेलेले सगळेच मरत नाहीत, काही आत परत येतात, असं धरलं तर लागणारी लांबी कमी होते. पाचवा अध्याय."

"पाचव्यात?" आबा एकदम कडाडले. "अरे भास्कर, शेवरी तं केळीच्या आधी लावा लागते!"

सगळा हॉल हसला. रघुनाथभाऊ तर डस्टर तोंडाला लावून हसले आणि तोंड पांढरं करून घेतलं. चौधरी हसत होते की काय करत होते ते मला कळलं नाही. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहू लागले.

तो अहवाल पुढे आमच्या विभागात आला. मी स्वतः वाचला आहे. पदवी द्यावी, अशी शिफारस होती. खाली शाईने एकच दुरुस्ती सुचवली होती.

'पाचवा अध्याय पहिला करावा.'